वेग मर्यादेतच होता, तरी चलान आलं: पैसे भरण्याआधी काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणाला वेगाचं ई-चलान आलं की ते मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात. एकदा एका शेजाऱ्यांचं प्रकरण शेवटपर्यंत लावून धरलं, तेव्हापासून हे काम माझ्याकडे आलंय. येणाऱ्यांपैकी बरेच जण एकच वाक्य बोलतात: "कटकट नको म्हणून पैसे भरून टाकले, आता तक्रार कुठे करू?" आता कुठेच करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोड शुल्क भरलं की प्रकरण तिथेच मिटतं. आधी भरायचं आणि मग भांडायचं, हा क्रमच उलटा आहे.

दुसरी चूक करणारे याच्या अगदी उलट वागतात. चलान चुकीचं आहे, मग मी कशाला काही करू, असं म्हणून महिनोन्‌महिने हात लावत नाहीत. तोवर पुरावा पुसला जातो आणि लोकअदालतीची नोटीस येते.

हा लेख ज्यांचा वेग खरोखर मर्यादेत होता, किंवा ज्यांची गाडी त्या ठिकाणी नव्हतीच, त्यांच्यासाठी आहे. "सगळेच तेवढ्या वेगाने जात होते" हा बचाव नाही. काटा मर्यादेच्या वर गेला होता हे मनाला माहीत असेल, तर दंड भरा.

१. चलान खरं आहे का, ते आधी बघा

मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही. चलानच्या नावाने बनावट मेसेज सर्रास फिरतात. काहींमध्ये 'एपीके' फाइल असते आणि ती फोनमध्ये उतरवली की बँकेचे ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातात. सरकार चलान भरायला व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅपची फाइल पाठवत नाही.

ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करा: महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की त्या गाडीवरची सगळी चलानं दिसतात. आरसी बुक हाताशी ठेवा. महाट्रॅफिक अ‍ॅपमध्येही हेच दिसतं, आणि पुढे तक्रारीसाठी ते लागणारच आहे, म्हणून आत्ताच अधिकृत अ‍ॅप स्टोअरवरून घेऊन ठेवा.

*तपासा:* संकेतस्थळावर चलान दिसत नसेल तर मेसेज पुसून टाका, काम संपलं. दिसत असेल तर पुढे चला.

२. चलानची आणि फोटोची प्रत काढून ठेवा

पूर्ण चलान पीडीएफमध्ये उतरवा. फोटो वेगळा उघडा, मोठा करून तोही साठवा. पडद्याचे स्क्रीनशॉट घेताना तारीख-वेळ दिसू द्या. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते 'पैसे भरा' या बटणाकडे बघण्याआधी व्हायला हवं.

मग एका कागदावर पाच गोष्टी उतरवा: चलान क्रमांक, घटनेची तारीख आणि वेळ, ठिकाण, नोंदलेला वेग, तिथली मर्यादा. मेसेज तुम्हाला कधी मिळाला तेही लिहा. ही तारीख पुढे उपयोगी पडू शकते.

३. फोटो वाचायला शिका

इथे घाई करू नका. चुकीची चलानं बहुतेक वेळा फोटोतच उघडी पडतात. पण लोक फोटो बघत नाहीत, रक्कम बघतात.

आधी नंबर प्लेट. कॅमेरा नंबर आपोआप वाचतो, आणि शून्य व डी, आठ व बी, एक व सात यांत गल्लत होते. प्लेट मळलेली असेल, एखाद्या अक्षरावर खिळा आला असेल, पावसाचं पाणी असेल, तर जास्तच. फोटोतला नंबर एकेक अक्षर बोट ठेवून वाचा आणि आरसीशी जुळवा.

नंबर जुळला तरी थांबू नका. गाडी तुमचीच आहे का? मॉडेल, रंग, टपावरचं कॅरियर, मागच्या काचेवरचं स्टिकर, बंपरवरचा ओरखडा, सगळं बघा. तुमची पांढरी हॅचबॅक आणि फोटोतली पांढरी सेडान, असा प्रकार मी स्वतः पाहिलाय. तसं असेल तर तुमच्या नंबराची दुसरी गाडी रस्त्यावर आहे. जानेवारी २०२५ मध्ये कुलाब्याला ताज हॉटेलसमोर एकाच नंबराच्या दोन गाड्या समोरासमोर आल्या होत्या. खऱ्या मालकाला तोवर दुसऱ्याची चलानं येत होती. असं दिसलं तर प्रकरण चलानपुरतं राहत नाही, त्याच दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. उद्या त्या गाडीने कुणाला धडक दिली तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील.

मग चौकटीत किती गाड्या आहेत ते मोजा. शेजारच्या लेनमधून एखादी गाडी तुम्हाला मागे टाकत असेल तर नोंदलेला वेग कुणाचा, हा प्रश्न रास्त आहे. तो तसाच, प्रश्न म्हणून तक्रारीत यायला हवा.

शेवटी ठिकाण आणि दिशा. चलानवर दक्षिणेकडे जाणारी मार्गिका लिहिली आहे आणि फोटोत गाडी उत्तरेकडे निघाली आहे, असंही होऊ शकतं.

कॅमेऱ्याने धरलेल्या चलानसोबत काय असायला हवं, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १६७-अ मध्ये आहे. हा नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आला. गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण, कायद्याचं कोणतं कलम मोडलं त्याचा उल्लेख आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, हे सगळं त्यात मागितलं आहे. यातलं काय नाही, त्यावर खूण करा.

*सावध:* फोटो अंधुक आहे म्हणून खूश होऊ नका. नंबर वाचता येत असेल तर नुसत्या अंधुकपणावर तक्रार टिकत नाही.

४. पुरावा त्याच संध्याकाळी गोळा करा

माझ्या मावसभावाची स्कूटर घटनेच्या वेळी त्याच्या इमारतीखाली उभी होती. चलान लांबच्या उपनगरातलं. सोसायटीचा कॅमेरा थेट पार्किंगवर रोखलेला होता. त्याने दोन आठवडे जाऊ दिले. सेक्रेटरींकडे गेला तेव्हा जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढलं होतं. हातातला सगळ्यात मजबूत पुरावा गेला आणि ते प्रकरण आम्हाला कोर्टापर्यंत न्यावं लागलं. म्हणून हा टप्पा पुढे ढकलू नका.

गाडी तिथे नव्हतीच, असं तुमचं म्हणणं असेल तर:

- सोसायटी किंवा ऑफिसच्या पार्किंगचं सीसीटीव्ही चित्रण. सेक्रेटरींना तोंडी सांगू नका, दोन ओळींचा अर्ज द्या. चित्रणाची प्रत घ्या आणि कोपऱ्यातली तारीख-वेळ दिसेल असा मोबाइलवर फोटोही काढा.
- फास्टॅगचा उतारा. सी लिंक किंवा अटल सेतूवरून गेला असाल तर वेळ नोंदलेली असते. मात्र मुंबईच्या वेशीवरच्या वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून माफ आहे, त्यामुळे तिथली नोंद मिळेल असं धरून चालू नका.
- गॅरेजचं जॉबकार्ड, मॉलच्या पार्किंगची पावती, पेट्रोल पंपाचं बिल. वेळ छापलेला कुठलाही कागद.

गाडी तिथेच होती पण वेग मर्यादेत होता, असं असेल तर काम अवघड आहे, हे आधीच मान्य करा. डॅशकॅममध्ये (गाडीच्या काचेवर लावलेल्या कॅमेऱ्यात) जीपीएस वेग नोंदला जात असेल तर तो सर्वांत चांगला पुरावा. त्यातलं मेमरी कार्ड ताबडतोब बाहेर काढा, कारण तेही स्वतःवरच पुन्हा लिहीत जातं. ओला-उबरच्या चालकांनी त्या फेरीचा तपशील जपावा.

फोनमधल्या नकाशाच्या टाइमलाइनवर मात्र फार भिस्त ठेवू नका. ती सरासरी दाखवते. सी लिंक साधारण ५.६ किलोमीटरचा आहे. ताशी ८० ने तो पार करायला ४ मिनिटं १२ सेकंद लागतात. तुम्हाला ५ मिनिटं लागली म्हणजे मधल्या एका क्षणी वेग १०० नव्हता, असं सिद्ध होत नाही. समोरचा अधिकारी हे ओळखतो.

*तपासा:* टायर मूळ मापापेक्षा मोठे बसवलेत का? तसं असेल तर काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, आणि 'काट्यावर ७५ होते' या म्हणण्यातली हवा निघून जाते.

५. तिथली मर्यादा नेमकी किती, ते पाटीवरून ठरवा

वेगाच्या चलानमध्ये लोक सर्वात जास्त इथे फसतात. एकाच रस्त्यावर मर्यादा बदलते. कोस्टल रोड मार्च २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा सरळ रस्त्यावर ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर व चढ-उताराच्या मार्गांवर ४० अशी मर्यादा लावली गेली. अटल सेतूवर चारचाकीला १०० आहे, पण रॅम्पवर ४०. ७० ने बोगद्यात शिरलेला माणूस "इथे ८० चालतं" म्हणत भांडायला येतो, तेव्हा मला त्याला परत पाठवावं लागतं.

त्या जागी पुन्हा जा. शक्य असेल तर त्याच वेळी, आणि गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला देऊन. शेजारी बसून चित्रीकरण करा: मर्यादेची पाटी कुठे आहे, कॅमेऱ्याची सूचना देणारी पाटी आहे का, मेट्रोच्या पत्र्यांमागे किंवा झाडाच्या फांदीआड ती गेली आहे का. कमी मर्यादा लावली तर योग्य जागी चिन्हं लावावीत, असं कलम ११२ सांगतं. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा, असं नियम १६७-अ मध्ये आहे. नसलेल्या पाटीचा तारखेसह व्हिडिओ हा 'मी हळू होतो' या शंभर वाक्यांपेक्षा भारी पडतो.

*सावध:* सी लिंकवर, कोस्टल रोडवर किंवा द्रुतगती मार्गावर गाडी थांबवून फोटो काढू नका. त्याचं वेगळं चलान येईल आणि जिवाला धोका आहे तो निराळाच.

६. तक्रार लिहा: एक मुद्दा, दहा-बारा ओळी

महाट्रॅफिक अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर तक्रारीचा विभाग आहे. चलान निवडायचं, कारण लिहायचं, पुरावा जोडायचा. चलानवर जी मुदत छापली आहे तिच्या आत, आणि खरं तर पहिल्या आठवड्यातच.

मजकूर आधी बाहेर लिहून घ्या. माझ्याकडे येणारे मसुदे बहुधा रागाने भरलेले असतात: खड्डे, टोल, नेत्यांच्या गाड्या, सगळं त्यात. वाचणाऱ्याला त्यातून एकच गोष्ट हवी असते, चलान रद्द करायला कागदावर काय आधार आहे. तुमचा सर्वांत पक्का मुद्दा पहिल्या ओळीत घाला. दुसरा मुद्दा तेवढाच पक्का असेल तरच लिहा. कच्चा मुद्दा पक्क्यालाही खाली ओढतो.

नमुना असा:

"महोदय, चलान क्रमांक … मधील छायाचित्रात दिसणारे वाहन माझे नाही. माझे वाहन (नोंदणी क्रमांक …) लाल रंगाची हॅचबॅक आहे. छायाचित्रातील वाहन पांढऱ्या रंगाची सेडान आहे. घटनेच्या दिवशी सकाळी ९ ते सायंकाळी ६ माझे वाहन माझ्या कार्यालयाच्या वाहनतळावर उभे होते. सोबत: १) आरसीची प्रत, २) वाहनाची पुढून, मागून व बाजूने छायाचित्रे, ३) वाहनतळाची नोंद व सीसीटीव्हीतील चित्र, ४) बनावट नंबर प्लेटबाबत पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची पोच. कृपया चलान रद्द करून तसे कळवावे."

वेगाच्या आकड्याबद्दल शंका असेल तर शेवटी एवढंच जोडा: "वेग मोजणाऱ्या यंत्राचा अनुक्रमांक, मान्यता प्रमाणपत्र व शेवटच्या पडताळणीची तारीख कळवावी." नियम १६७-अ प्रमाणे यंत्राला मान्यता प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. रडारवर चालणाऱ्या वेगमापक यंत्रांची वैधमापन विभागाकडून (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून) पडताळणी आणि शिक्का १ जुलै २०२५ पासून बंधनकारक झाला आहे.

गाडी विकली असेल आणि चलान तुम्हाला येत असेल, तर फॉर्म २९ ची (मालकी बदलल्याची आरटीओला दिलेली सूचना) प्रत आणि ताबा दिल्याचा तारीख-वेळ असलेला कागद जोडा. आरटीओच्या नोंदीत नाव बदललं नसेल तर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच आहात. त्यामुळे तक्रारीबरोबर हस्तांतराचं कामही लगेच हाती घ्या.

*तपासा:* तक्रार क्रमांक मिळाला का? तो मिळेपर्यंत तक्रार झाली असं समजू नका.

७. उत्तर नाही, किंवा एका ओळीत नकार

दर आठवड्याला स्थिती बघा आणि पडद्याची प्रत ठेवा. दोन-तीन आठवडे काहीच हललं नाही तर सगळे कागद दोन प्रतींत घेऊन वरळीच्या वाहतूक पोलीस मुख्यालयात जा. एक प्रत आवक-जावक विभागात द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. नाक्यावरच्या हवालदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात चलान रद्द करणं नसतं.

त्याच सुमारास माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महाराष्ट्रात तो ऑनलाइन भरता येतो, शुल्क १० रुपये. आपल्या राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. लांबण लावली तर अर्ज परत येतो. मागा इतकंच: त्या दिवशीच्या यंत्राचा अनुक्रमांक, मान्यता व पडताळणी प्रमाणपत्रांच्या प्रती, त्या जागेची वेगमर्यादेची अधिसूचना, सूचनाफलक कुठे लावला त्याची नोंद, मूळ छायाचित्र. 'का' असा प्रश्न विचारू नका, कागद मागा. उत्तराला ३० दिवस असतात, ते आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

८. लोकअदालत आणि कोर्ट यांत गल्लत नको

लोकअदालतीची नोटीस आली की लोक म्हणतात, "चला, तिथे जाऊन बाजू मांडू." लोकअदालत तडजोडीसाठी असते. तिथे समेट झाला की तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. रक्कम कमी झाली तरी चूक तुमची होती असंच त्यातून नोंदलं जातं. चलान चुकीचंच आहे आणि पुरावा हातात आहे, तर तडजोडीला 'नाही' म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रकरण व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टात गेलं तर तिथे दोन वाटा दिसतात: दंड भरणे आणि प्रकरण लढवणे. भरलात तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. लढवण्याचा पर्याय निवडला की प्रकरण त्या हद्दीच्या नेहमीच्या दंडाधिकारी न्यायालयात जातं, म्हणजे मुलुंड, विक्रोळी, कुर्ला, अंधेरी, बोरिवली, किंवा दक्षिण मुंबईत किल्ला कोर्ट वगैरे. कोणतं ते घटनेच्या जागेवरून ठरतं, तुमच्या घरावरून नाही.

तारखेला स्वतः हजर राहा. "गुन्हा कबूल नाही" हे स्पष्ट सांगा आणि कागदपत्रांच्या प्रती मागा. तुमच्या किंवा वकिलाच्या हातात हे चार मुद्दे असू द्या:

- कलम १८३(३): नुसत्या एका साक्षीदाराच्या अंदाजावरून वेगाबद्दल दोषी ठरवता येत नाही, त्या अंदाजाला यंत्राचा आधार लागतो.
- कलम २०९: वेगाच्या गुन्ह्यात जागेवर ताकीद, किंवा १४ दिवसांत नोटीस, किंवा २८ दिवसांत समन्स लागतं. याला अपवाद आहेत, म्हणून यावरच सगळी मदार नको. पण मेसेज कधी आला ते दुसऱ्या टप्प्यात लिहून ठेवायला सांगितलं ते यासाठी.
- इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली.
- फक्त दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत आहे. जुनं चलान असेल तर वकिलांना हे आवर्जून विचारा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

एवढा खटाटोप दोन हजारांसाठी करायचा का, असं मला विचारतात. हलक्या वाहनाला कलम १८३ खाली दंड एक ते दोन हजार आहे, आणि कोर्टात दोन-तीन दिवसांचा रोजगार बुडतो. पुरावा डळमळीत असेल तर मीही भरा म्हणूनच सांगतो. पण त्याच कलमात दुसऱ्या वेळी परवाना जप्त करण्याची तरतूद आहे. टॅक्सी, रिक्षा, टेम्पो चालवणाऱ्याने न केलेला पहिला गुन्हा गप्प बसून अंगावर घेतला, तर पुढच्या एका चुकीवर त्याचं पोट अडतं. अशा माणसाने तरी हातात पुरावा असताना पैसे भरू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

९. चलान रद्द झाल्यावर

मेसेजवर थांबू नका. संकेतस्थळावर पुन्हा नंबर टाकून ते चलान थकबाकीतून गेलंय का ते बघा आणि त्या पडद्याची प्रत घ्या. ते तसंच राहिलं तर गाडी विकताना किंवा आरटीओच्या कामात अडथळा येऊ शकतो.

'परिवहन' या वाहन नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर तुमचा सध्याचा मोबाइल नंबर आहे का, तेही त्याच बैठकीत तपासा. जुना नंबर असेल तर पुढचं चलान तुम्हाला कळणारच नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली नसेल तर ती बसवून घ्या. नंबराची नक्कल त्यामुळे अवघड होते. आणि चलान, तक्रार क्रमांक, पोच, रद्द झाल्याची प्रत, हे चार कागद आरसीच्याच पाकिटात, गाडी तुमच्या नावावर आहे तोवर.